परतीच्या खुणा

माथ्यावरच्या चिमुकल्या चर्चपाशी पोचल्यावर शिमुनने ब्रश सुनेच्या, नेडाच्या हातात दिला आणि तो पायरीवर टेकला. चढणीच्या खुणा त्याने सकाळपासून काढत आणल्या होत्या. लाल कडं, आत पांढरा ठिपका, चढणाऱ्याला समोरून दिसेल अशा बाजूला. हिवाळ्याच्या पावसाने जुन्या खुणा पार धुऊन गेल्या होत्या, आणि वसंतात आलेली दोन माणसं उतरताना वाट चुकून काट्यांत अडकली होती. आता उतरणाऱ्यासाठी त्याच खडकांच्या वरच्या अंगाला खुणा काढायच्या होत्या. ते काम नेडाचं.

बेटावर वाटा रंगवणाऱ्यांची ही रीतच होती. चढताना ज्याने खुणा काढल्या त्याने उतरताना काढायच्या नाहीत. उतरणीचं काम बाहेरून आलेल्या माणसाला द्यायचं, कारण जिथे तो घुटमळतो तिथे खूण लागते.

"मला ही वाट डोळे मिटूनही दिसते, म्हणून मी बिनकामाचा," शिमुन म्हणाला. "तू अडखळत जा. मी मागून येतो, तुझ्या खुणा बघत."

नेडाने डबा उचलला. पाव आणि खारवलेले मासे खाताना तिला बोलायचं होतं, पण शिमुनच बोलत राहिला होता. वरची खोली महिन्याभरात होईल. खिडकी समुद्राच्या बाजूला काढली आहे. फरशा निळ्या आणल्या आहेत, तिला निळा आवडतो ना. यंदा ऑलिव्ह उतरवायला नवी जाळी घ्यायची, तिच्या हाताला जड होणार नाही अशी. आणि कंबरेच्या ऑपरेशननंतर त्याच्या बायकोला, विन्काला, दुसऱ्या कुणाच्या हातचं सूप गोड लागत नाही. तो काहीच मागत नव्हता. एकेक वस्तू तिच्यापुढे आणून ठेवत होता, आणि उठून जायला वाट उरत नव्हती.

समुद्रापलीकडच्या स्प्लिट शहरातल्या प्रयोगशाळेला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. लग्नाआधी ती तिथेच काम करायची. पाण्याचे नमुने, शिंपल्यांचे नमुने. तिची जागा पुन्हा रिकामी झाली होती, आणि एकदा भरली की पुन्हा कधी होईल सांगता येत नव्हतं. तिचा नवरा तोन्ची जहाजावरून फोनवर म्हणाला होता, हो म्हणून टाक. फक्त बाबांना तूच सांग, मला ते जमायचं नाही.

पायथा यायच्या आत सांगायचं, असं ठरवून ती निघाली.

सुरुवात कशी करायची, हे ती मनाशी जुळवू लागली. 'बाबा, तुमच्यावर राग नाही' असं म्हटलं तर रागाचा विषय निघेल. 'थोड्या दिवसांसाठी' म्हटलं तर ते खोटं होईल. 'मला कंटाळा येतो' हे खरं होतं, पण ते त्या निळ्या फरशांनंतर म्हणता येत नव्हतं. जुनिपरच्या झुडपापाशी ती उजवीकडे वळली. फुटक्या खडकाला वळसा घातला. ढासळलेल्या बांधावरून उतरताना डावा पाय आधी टाकला, कारण उजवीकडचा दगड डुगडुगतो. कोरड्या टाकीच्या मागून ती पाइनच्या रानात शिरली आणि तिथे तिला वाक्य सापडलं. साधंच होतं.

ती थांबली. हातातल्या डब्याचं झाकण अजून बंद होतं.

थोड्या वेळाने शिमुन खाली आला, धापा टाकत, हसत.

"म्हटलं, पोरीने इतक्या नाजूक खुणा काढल्या की म्हाताऱ्याला दिसेनात."

त्याने तिच्या हातातून ब्रश घेतला. कोरड्या केसांवरून अंगठा फिरवला.

"कुठेच अडली नाहीस?"

"नाही."

तो इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. "झालीस की गं आमची. आता तूही बिनकामाची."

"बाबा, मी स्प्लिटची नोकरी धरतेय," नेडा म्हणाली. "सोमवारी हो म्हणणार आहे."

शिमुन ब्रशचे केस एका बाजूला वाकवत राहिला. खाली, रानाच्या पलीकडे, बोटीचं इंजिन चालू झालं आणि दूर गेलं.

"तोन्चीला माहीत आहे?"

"हो."

"आणि तो म्हणाला असेल, तूच सांग."

नेडाने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"विन्कालाही तूच सांग. माझ्याने होणार नाही." त्याने ब्रश परत दिला. "आता वर जा आणि पहिल्यापासून नीट काढत ये. पुढे तुलाच लागतील."

मग तो मागे न बघता घराकडे उतरू लागला.

नेडा पुन्हा माथ्यावर गेली. झाकण उघडलं, रंग ढवळला, ब्रश बुडवला आणि चर्चच्या पायरीवर उभं राहून नुकत्याच बोटीतून उतरलेल्या बाईसारखं खाली बघायचा प्रयत्न केला. जुनिपरपाशी उजवीकडे, हे उघडच होतं. ती तिथवर गेली. खडकाला वळसा, हेही उघडच होतं. ती बांधापाशी थांबली, दोन पावलं मागे आली, डोळे मिटून उघडले. जिथे आपण चुकू शकू अशी एक जागा ती शोधत होती, आणि ब्रशवरचा लाल रंग थेंबथेंब तिच्या पायाशी पडत होता.