भोंग्यावरचं नाव

गावात दारूबंदी झाली तेव्हा मी नववीत होते. कुणी पिऊन आला की देवळाच्या भोंग्यावरून त्याचं नाव पुकारायचं, असं बायकांनी ठरवलं होतं. माझं वाचन स्पष्ट, म्हणून नावांची चिठ्ठी माझ्याकडे यायची. एका संध्याकाळी तिच्यात शेवटचं नाव माझ्या वडिलांचं, आप्पांचं होतं. मी अडखळले. बायकांची पुढारी माझी आईच. ती म्हणाली, "वाच गं. आपला म्हणून सोडायचं न्हाय."

मी वाचलं. त्यानंतर आप्पांनी दारूला कधी हात लावला नाही. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीतून सुटले की ते मान खाली घालून थेट घरी यायचे. देवळाच्या पारावर पुन्हा बसले नाहीत. अशी अठरा वर्षं गेली.

आज सकाळी आप्पा वारले. गावाला कळवायला मीच देवळात गेले, भोंगा सुरू केला. "भरमा यल्लाप्पा घाडी..." एवढंच म्हणाले आणि पुढचे शब्द फुटेनात.

त्या शांततेत देवळासमोरच्या म्हाताऱ्या जयाबाईंनी सुनेला विचारलेलं मला ऐकू आलं,

"ह्यो भरमा आज परत पिऊन आला व्हय गं?"