पूर्तता

तिसऱ्या वेळचं पत्रही तसंच निघालं. 'आवश्यक पूर्तता न झाल्याने आपला स्थलांतराचा अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' खाली गोल शिक्का आणि कुणालाही न लागणारी सही.

घरातल्या धाकटीने ते विद्यापीठाच्या टपाल खिडकीसमोर उभ्याउभ्याच वाचलं.

"कसली पूर्तता राहिली, सांगाल का?"

"ते वरच्यांना ठाऊक. आमच्याकडे नुसती पाकिटं येतात," खिडकीतला कारकून म्हणाला. "तुमचं तिसरं सत्र संपलं ना? मग आता पुन्हा अर्ज नाही. त्यानंतर विद्यापीठ बदलता येत नाही."

"म्हणजे कधीच नाही?"

"मूळ कागद उद्या तिसऱ्या मजल्यावरून घेऊन जा." तो पुढच्या माणसाकडे वळला.

तिला भूशास्त्र शिकायचं होतं. लहानपणापासून ती वाटेतले दगड उचलून घरी आणायची. पण ती इथे आली आणि पहिल्याच सत्रात तो विभाग बंद झाला. होते ते दोन प्राध्यापक निवृत्त झाले, प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि मुलांना सरसकट रसायनशास्त्राच्या वर्गात बसवलं. दुसऱ्या सरकारी विद्यापीठात तो विभाग चालू होता, रात्रभराच्या प्रवासावर. तिकडे जागा होती आणि तिकडून होकारही आला होता. अडत होतं ते इथून सोडण्यावर.

पहिल्या नकारानंतर तिने अभ्यासक्रमाच्या प्रती जोडल्या. दुसऱ्यानंतर प्रत्येक विषयाच्या तासांचा तक्ता करून त्यावर प्राचार्यांची सही घेतली. तिसऱ्या वेळी तर ताकही फुंकून प्यायली. एकेक कागद तीनदा तपासला. एवढं करून पुन्हा पूर्तता राहिलीच.

चार वाजता तिने घराचं दार उघडलं. बाबा कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, पांघरूण कमरेपर्यंत.

"काय म्हणतात?"

तिने पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"माणसं आहेत का कोण," ते म्हणाले. "पोरीचं आयुष्य यांच्या शिक्क्याखाली."

बाबा वायरमन होते. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पाठीवर पडले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले होते की हाडं जुळली आहेत, आता मनाने उभारी धरली पाहिजे. पण पाय खाली सोडले की बाबांचा चेहरा पांढराफटक पडायचा. मग कॉटवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, सगळं तीच करायची. उचलून उचलून तिचं मनगट कायमचं सुजलं होतं.

दादा दुसऱ्या गावी नोकरीला होता. त्याने कधीच सांगून ठेवलं होतं, "तुझं पत्र हातात पडलं की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो. बाबांना आमच्याकडे नेतो. वहिनीने खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली आहे."

"मी काय, उचलून ठेवाल तिथे राहीन," बाबा म्हणायचे. "तू जा. घरात हा एक दगड पडलाय तो पुरे झाला, तू पुढचं बघ."

त्यांच्या तोंडून हे ऐकलं की तिला बळ यायचं. तिन्ही वेळा संमतिपत्रावर त्यांनी मागितल्याबरोबर सही केली होती. कॉलेज बुडवून ती घरी थांबते म्हणाली की रागवायचे. "माझ्यासाठी तास चुकवायचे नाहीत. पाणी उशाशी ठेव आणि नीघ."

त्या संध्याकाळी तिने दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. खोलीत मुलाचं टेबल ठेवतो."

तिने भात कालवून बाबांना दिला. ती ताट उचलत असताना ते म्हणाले, "नशिबात नसेल तर काय करायचं, बाळा."

"काही नाही, बाबा."

दगडांचा खोका तिने कपाटातून काढून दाराशी नेऊन ठेवला, सकाळी टाकून द्यायला.

दुसऱ्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. इमारत जुनी, लिफ्ट नव्हती. स्थलांतर शाखेत खिडकीजवळ एक वयस्क बाई फायलींना दोऱ्या बांधत बसल्या होत्या. त्यांनी तिची फाईल काढली, मूळ गुणपत्रिका मोजून दिल्या आणि वहीत सही घेतली.

"वाईट वाटलं हो," बाई म्हणाल्या. "तुमचे कागद किती नीटनेटके. आमचे साहेब म्हणायचे, असा अर्ज दहा वर्षांत आला नाही."

"मग राहिलं काय होतं?"

"संमती मागे घेतल्यावर आम्ही तरी काय करणार? पालकांची संमती नाही, म्हणजे पूर्तता नाही."

"कुणी मागे घेतली?"

बाईंनी फाईल तिच्याकडे वळवली. रेघी कागदाची तीन पत्रं होती, एकेका सत्रातलं एकेक. मजकूर एकच. मुलगी हट्टाने जात आहे, घरी दुसरं कुणी नाही, सबब माझी संमती रद्द समजावी. खाली बाबांची सही, वायरसारखी वळणं घेत गेलेली.

तिने तिन्ही पत्रं उलटून पाहिली. दादा? दादाला आपल्याला अडवायचं असतं तर त्याने खोली कशाला रिकामी केली असती?

"ही पत्रं टपालाने आली असतील," ती म्हणाली. "कुणीही सही काढू शकतं. माझे वडील अंथरुणावर असतात."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे नवलाने बघितलं.

"टपालाने कुठली? स्वतः आणून देतात. एवढे जिने चढून येतात, मी दर वेळी म्हणते, दोन मिनिटं टेका, पाणी घ्या. तर टेकत म्हणून नाहीत. म्हणतात, पोरगी चारला घरी येते, तिच्याआधी पोचायला हवं."