दोरीचं दुसरं टोक

"माझी दोरी कुठाय?"

नवरा बांधावर येऊन उभा राहिला. काखेत वळकटी, तीही सुटी. रस्त्यावर मुकादमाचा ट्रक लागला होता. दरवर्षी नांगरट उरकली की तो त्या दोरीनं अंथरूण आवळायचा आणि शहरात बांधकामावर जायचा.

तिनं मान वर केली नाही. रानातून आडवी ताणलेली दोरी तीच होती. प्रत्येक गाठीपाशी मक्याचे दोन दाणे, वर माती, की पुढची गाठ.

"गाठी मारल्यास माझ्या दोरीला?"

"मारल्या. साडीची चिंधी एवढ्या रानाला कुठली पुरायला!"

दोरीचं एक टोक सासूनं धरलं होतं, दुसरं पलीकडच्या खुंटीला होतं.

"आई, तूसुद्धा?"

"मीसुद्धा. गेल्या हंगामात हिनं कोपऱ्यात चिंधी ताणली, तेव्हा मीच हसले होते. म्हटलं, बाई, शेत पेरतेस की शिवतेस? त्या एका कोपऱ्यानं बाकीच्या फेकून पेरलेल्या रानाएवढा मका दिला. दरवर्षी या दिवसांत आपली कणगी रिकामी असते, ठाऊक आहे ना? जा, आज वाकून बघ तळ दिसतो का."

ट्रकचा भोंगा वाजला.

"सगळं रान असंच लावायचंय," ती मातीकडे बघत म्हणाली. "ओल आहे तोवर. आम्हा दोघींच्यानं उरकायचं नाही."

"आणि नाही साधलं तर?"

"तर ट्रक आहेच की पुढच्या वर्षी. तो काही रुसत नाही. ओल मात्र थांबायची नाही."

तो खुंटीकडे गेला. त्यानं टोक सोडलं हे तिला बघावं लागलं नाही, दोरी तिच्यासमोरच सैल पडली. मुठीतले दाणे तिनं घट्ट धरले. दोरी गेली, तरी वितीनं मोजत लावू. पदराएवढं रान झालं तरी चालेल, पण आता फेकायचं नाही.

दोरी हलली. सरपटत पुढच्या ओळीवर गेली.

"इथं?" पलीकडून नवऱ्यानं विचारलं.

"अजून वीतभर पुढं," सासू ओरडली. "आणि ताठ धर! बापासारखा ढिला उभा राहू नकोस."

भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक. ती पहिल्या गाठीपाशी वाकली. बांधावर टाकलेली वळकटी वाऱ्यानं हळूहळू उलगडत होती.