आवाज तेवढा बंद करा

"नुसती सुरू ठेवली तर काही नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की अशी ओरडते की रस्त्यावरचे लोक वळून बघतात," मास्तर म्हणाले.

मिस्त्रीने किल्ली घेतली आणि गाडी चढावर एकट्यानेच फिरवून आणायची ठरवली. सीट इतकी पुढे ओढलेली होती, की त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. सीटवर भरतकाम केलेली उशी होती. ती त्याने मागे टाकली. सपाट रस्त्यावर इंजिन शहाण्यासारखं चाललं. चढावर पाय दाबताच बुडाखालून फाटक्या भोंग्यासारखा आवाज उठला. पाय काढला, की गप्प.

परत आल्यावर त्याने कधीपासून म्हणून विचारलं. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. किरकोळ अंगाचे, बोलताना समोरच्याकडे न बघणारे. महिना झाला असेल, म्हणाले. घरात आजारपण चाललंय, त्यामुळे गाडीकडे बघायला सवड झाली नाही. सारखं डोकं दुखतं, मळमळतं, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पायात त्राण उरत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही.

"बाकी काही उघडत बसू नका," ते निघताना म्हणाले. "आवाज तेवढा बंद करा."

शाळेचा आणि घरचा असे दोन नंबर लिहून देऊन ते घड्याळाकडे बघत गेले.

मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली. इंजिनाची रबरं तपासली, ती ठीक होती. पाइपावरचा पत्रा हलवून पाहिला, तो घट्ट होता. मग टॉर्च हातात धरून तो धुराच्या पाइपावरून हळूहळू मागे सरकत गेला आणि ड्रायव्हरच्या सीटखाली थांबला.

पाइप चिरलेला होता. गंजून फुटलेले पाइप त्याने आयुष्यभर पाहिले होते, त्यांची कड कुरतडल्यासारखी दिसते. ही कड सरळ होती. कुणीतरी करवतीने पाऊण पाइप कापून बाकीचा शाबूत ठेवला होता. इंजिनाने जोर केला, की चीर उघडायची. बरोबर तिच्या वर, गाडीच्या तळाला रबरी बूच असतं, ते काढलेलं होतं. काचा बंद करून गाडी चालवली, तर धूर सगळा आत. त्यातल्या विषाला वासही नसतो.

मिस्त्री स्टुलावर बसला. चहा मागवला आणि तसाच ठेवला.

पुढे ओढलेली सीट, भरतकामाची उशी, म्हणजे गाडी बायको चालवते. घरात आजारपण. आवाज तेवढा बंद करा. त्याला आता सगळं लख्ख दिसत होतं. या माणसाला तिचा काटा काढायचा होता, बोभाटा नको होता.

सहा वर्षांपूर्वी त्याची धाकटी बहीण याच गॅरेजात येऊन त्याच स्टुलावर बसली होती. नवऱ्याची भीती वाटते, एवढंच म्हणाली होती. तो एका गाडीखाली होता. तिथूनच त्याने तिला सांगितलं होतं, सांभाळून घे, होईल नीट. आठव्या दिवशी तिच्या घरून फोन आला. तेव्हापासून आईने त्याच्याशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत.

त्याने नवा पाइप बसवला, बूच लावलं, गाडी पुन्हा चढावर नेली. आवाज गेला होता. शाळेत फोन करून त्याने मास्तरांना पाइप गंजला होता म्हणून सांगितलं. पलीकडून मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला, तो त्याला स्पष्ट ऐकू आला. मनातल्या मनात त्याने एक शिवी हासडली. मग घरचा नंबर लावला. मास्तरांच्या बायकोने उचलला. ताई, मास्तरांना न कळवता तासाभरात येऊन जा, म्हणाला.

ती चालत आली. चाळिशीची, नीटनेटकी, हातात कापडी पिशवी. मिस्त्रीने शटर अर्धं ओढलं आणि तिला कापलेला पाइप दाखवला. ती ओरडली नाही, रडली नाही. माझे वडील लोखंडी दारं-खिडक्या बनवायचे, म्हणाली, आणि कापावरून बोट फिरवत राहिली. बिचारी हबकली असेल, असं त्याला वाटलं.

"तुम्ही कशावरून ओळखलंत?" तिने विचारलं.

त्याने गंजाची कड आणि करवतीची कड यातला फरक समजावला. बुचाचंही सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"त्यांना सांगितलंत?"

"छे. पाइप गंजला होता म्हणालो. त्यांना काही संशय नाही."

"आणखी कुणाला?"

"तुमच्याशिवाय कुणाला सांगणार, ताई? हा पुरावा आहे. नीट जपा आणि थेट पोलिसांत द्या."

त्याने पाइप वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तिने तो पिशवीत ठेवला, वर रुमाल पसरला. सहा वर्षांत पहिल्यांदा मिस्त्रीला छातीवरचं ओझं हललंसं वाटलं. माझी बहीण गेली, तुम्ही तरी वाचलात, असं काहीसं तो पुटपुटला. तिने मान हलवली.

"गाडी नीट झालीय," तो म्हणाला. "पण तो माणूस पुन्हा करेल. काही झालं तरी आता या गाडीत एकट्याने बसू नका. वचन द्या मला."

ती शटरखालून वाकून बाहेर पडली. उन्हात उभी राहून तिने पिशवी खांद्याला नीट अडकवली.

"त्याची काळजी करू नका," ती म्हणाली. "मला गाडी चालवता येतच नाही. रोज तेच एकटे घेऊन जातात."