मानाचं घर

“कोपर बाहेर काढ. अजून थोडं,” गोपाळराव म्हणाले आणि त्यांनी मालतीबाईंच्या एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत टेप ताणली. “आता खुर्ची वळव.”

मालतीबाईंनी चाकांची खुर्ची हॉलच्या मधोमध गर्रकन वळवली. नवरा इतक्या जवळ येऊन आपल्याकडे बघतोय, याचाच त्यांना आनंद झाला होता. त्या पडल्या, पाय कायमचे गेले, तेव्हापासून गोपाळराव बहुतेक दारातूनच विचारपूस करत.

गोपाळराव आर्किटेक्ट. जुळे सोलापुरात त्यांनी काढलेले बंगले लोक गाडी थांबवून बघतात. स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. यंदा ‘आदर्श घर’ स्पर्धेसाठी त्यांनी खुर्चीवरच्या माणसाचं घर करायला घेतलं होतं. फोमबोर्ड कापून भिंती उभ्या केल्या. दाराला उंबरा नाही. ओटा बसल्या जागी हाताला येणारा. स्वयंपाकघरातून सरळ अंगणात नेणारा उतार. अंगणात वाळक्या घोसाळ्याच्या जाळीचं केलेलं झाड, आणि झाडाखाली बोटाच्या पेराएवढ्या खुर्चीत हिरव्या साडीतली बाई.

साडीचा रंग मालतीबाईंनीच निवडला होता. “ओटा जरा खाली घ्या की. भाकरी थापताना खांदे भरून येतात,” हेही त्यांनीच सांगितलं. गोपाळरावांनी लगेच मॉडेलमधला ओटा उपटून नवा बसवला. घरातला ओटा होता तिथेच राहिला, आणि त्या ओट्यावर हात उंच करून बाईंनी त्या दिवशीच्याही भाकरी थापल्या.

कागदाच्या घरात कुणी राहत नाही, एवढं बाईंना कळत होतं. त्यांचं मागणं लहान होतं. एकदा खाली उतरायचं आणि मंगळवेढ्याला माहेरच्या रानात बसून हुरडा खायचा.

धाकटा भाऊ जोतीराम दर थंडीत न्यायला येई. मागच्या खेपेला तर तो बाह्या सरसावूनच उभा राहिला.

“दाजी, अक्काला मी उचलतो की. खुर्ची तुमी आणा मागनं. खाली गाडी उभीच हाय.”

“खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकते. मी मापं घेतली आहेत,” गोपाळराव म्हणाले. “आणि खुर्चीशिवाय ती तिथं काय करणार? बांधावर गोणीसारखी टाकणार का तिला? माणसाला काही मान असतो, जोतीराम.”

ज्याचं आयुष्य मापं घेण्यात गेलं, त्याच्याशी जोतीराम काय वाद घालणार? आल्या पावली परत गेला बिचारा. पुढच्या आठवड्यात त्याने एसटीतून डबा पाठवला. हुरडा पोचेपर्यंत गार आणि चिवट झाला होता. मालतीबाईंनी तो डोळे पुसत खाल्ला, आणि आमच्या ह्यांना माझ्या मानाची किती काळजी, असं वर शेजारणीला सांगितलं.

तो ‘मान’ गोपाळरावांना भलताच आवडला. मॉडेलच्या पाटीवर त्यांनी तेच नाव घातलं, ‘मानाचं घर’. स्पर्धेत ते पहिल्या फेरीत निवडलं गेलं. आता शहरात चार दिवस प्रदर्शन होतं आणि तिथेच निकाल.

“अहो, रविवारी जोतीराम येतोय,” मालतीबाईंनी आधीच बोलून ठेवलं. “मॉडेल उतरवायला तुम्ही माणसं बोलावणारच. त्यांनाच सांगा की, मलाही धरून खाली नेतील.”

“बघू,” गोपाळराव म्हणाले.

नाही म्हणाले नाहीत, एवढ्यावर बाईंचे पुढचे दिवस सुखात गेले. रविवारी सकाळी त्यांनी हिरवी साडी नेसली. हुरड्याबरोबर लागते म्हणून स्वतः कुटलेल्या शेंगाचटणीचा डबा मांडीवर घेतला आणि दाराशी येऊन बसल्या.

दोन हमाल आले. गोपाळरावांनी मालतीबाईंच्या पायांवरची गोधडी काढून मॉडेलभोवती गुंडाळली. मग ते कठड्याशी उभे राहून ओरडत राहिले. “सावकाश! वळणावर तिरकं घ्या. झाडाला धक्का लागता कामा नये.”

घर सुखरूप खाली गेलं. हमाल पुन्हा वर आले. मालतीबाईंनी डबा घट्ट धरला आणि हसून दोन्ही हात थोडे वर केले, उचलणाऱ्यांना सोपं जावं म्हणून.

“बाईंना आत पलंगावर ठेवा,” गोपाळराव म्हणाले. “अलगद.”

हमालांनी त्यांना अलगद पलंगावर ठेवलं आणि ते निघून गेले. गोपाळरावांनी खुर्चीची बैठक मधोमध धरून वर ओढली. खुर्ची मिटली आणि पाटासारखी चपटी झाली.

“परीक्षकांना खरी खुर्ची शेजारी दिसली की मापं लगेच पटतात,” ते म्हणाले. “चार दिवसांचा तर प्रश्न आहे. जोतीरामला फोन करून सांग, येऊ नको म्हणावं.”

“आणि मी?”

“तू आहेस की मॉडेलमध्ये. अंगणात.”

त्यांनी खुर्ची काखेत मारली. मोबाइल पलंगावर ठेवला, दार ओढून घेतलं आणि शीळ घालत जिना उतरू लागले. मालतीबाईंनी श्वास रोखून कान दिला. आता वळण येईल. आता खुर्ची अडकेल. आता कठड्यावर लोखंड घासेल, शीळ थांबेल आणि त्यांना वर यावं लागेल.

खालचं फाटक वाजेपर्यंत शीळ चालू होती. ती एकाही वळणावर थांबली नाही.