बिस्किटांचा डबा

ब्रिसेइदानं ते प्रशस्तिपत्रक हळूच मांडीखाली सरकवलं आणि वर दाबून बसली. टेबलावर थोरल्या बहिणीच्या कौतुकाचा एवढा ढीग पडलाय, त्यातला एक कागद कमी झाला तर काय बिघडतंय?

चर्चच्या हॉलमध्ये वकीलबाई फुकट अर्ज भरून देत होत्या. लहानपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आलेल्या मुलांना सरकार आता दोन वर्षं हाकलणार नव्हतं, कामही करू देणार होतं. फक्त मधल्या प्रत्येक वर्षी आपण इथंच राहत होतो, याचा कागद दाखवायला हवा होता. यादिराला आईनं मेक्सिकोहून कडेवर आणलं होतं. धाकटी ब्रिसेइदा इथलीच, ह्या देलानो गावात जन्मलेली, म्हणून जन्मानंच नागरिक. त्यामुळे आज ती आली होती नुसता डबा उचलायला.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. चार घरी असल्या डब्यात सुईदोरा असतो. ह्यांच्या डब्यात यादिरा होती! तिची प्रगतिपुस्तकं, लशींची कार्डं, शाळेची प्रशस्तिपत्रकं, अगदी दात काढल्याची पावतीसुद्धा. आणि ब्रिसेइदाचं काय? तिच्या बक्षीस मिळालेल्या चित्रावर आईनं बुन्युएलोच्या तळलेल्या गोड पुऱ्या निथळत ठेवल्या होत्या. चित्र तेल प्यायलं आणि गेलं कचऱ्यात. ते आठवलं की अजून तिचा जळफळाट व्हायचा.

"दोन हजार नऊचं काहीच दिसत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "मधलं वर्ष रिकामं राहिलं तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. आणि तोवर तुमचं नाव-पत्ता सरकारच्या हातात गेलेला असेल."

आईनं डबा उपडा केला. द्राक्षांच्या मळ्यात राबून काळवंडलेल्या बोटांनी ती एकेक कागद उलटायला लागली. "होतं हो बाई! आठवीचं. माझ्या हातानं ठेवलं होतं."

यादिराचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बघा, हिचा एक कागद हरवला तर केवढा आकांत!" ब्रिसेइदा उसळली. "माझा एक तरी ठेवलास का गं आई? मी काय उकिरड्यावर सापडले होते?"

"अगं वेडे!" आई कळवळून ओरडली. "तू इथली आहेस का, हे तुला कोण विचारणार? हिला विचारणार होते. आज ना उद्या विचारणारच होते. म्हणून चिटोरं न् चिटोरं जपलं मी!"

ब्रिसेइदाचे कान तापले. तिनं मांडीखालचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. कुणाच्या तोंडाकडे बघायची तिला हिंमत होईना.

यादिरानं तळहातानं कागदाच्या चुण्या मोडल्या. ती चिडली नाही.

"आई तुझी चित्रं बिनधास्त फेकून द्यायची ना," ती हळूच म्हणाली, "तेव्हा मला तुझा इतका हेवा वाटायचा!"