दाढ काढल्यानंतरचा होकार

"दाढ काढली, संसर्ग गेला, मेंदूची सूज उतरली," विवाह नोंदणीच्या खिडकीतल्या सबनीसबाईंनी हृषीकेशचा डॉक्टरी दाखला वाचला. "सुजेतला होकार रद्द. आता परत सांगा, हिच्याशी लग्न करायचंय?"

मृण्मयीने शेजारी उभ्या नवरदेवाकडे पाहिलं. दोन वर्षं हृषीकेश तिच्यासाठी वेडा होता. ते वेड त्याचं होतं की दाढेचं, हे आता ठरणार होतं.

"पूर्वी ही दिसली की कानात सनई वाजायची," तो चाचरत म्हणाला. "आता वाजत नाही."

"मग नको?" मृण्मयीने विचारलं.

"करायचंय गं! पण तुला अकरा मामा आहेत, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. त्यांची भीती वाटतेय."

"म्हणजे मेंदू ठणठणीत आहे," म्हणत बाईंनी शिक्का मारला.